भिजवलेले चणे घ्या

२ मार्च

आजपासून दैनंदिनी लिहायची. हौस म्हणून नव्हे, संपादकांनी सांगितलं म्हणून. "बाई, पुस्तक काढायचं तर नुसत्या पाककृती पुरत नाहीत, मध्ये मध्ये लेखिकेचं आयुष्यही लागतं," म्हणाले. घ्या म्हटलं आयुष्य, त्यात काय कमी आहे? पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात सगळी नोकरी काढली. 'पाणी कमी येतं', 'पाणी येतच नाही', 'आलं ते गढूळ आलं', दिवसभर हेच. पण माझ्या टेबलावर एक तक्रार कधी शिळी झाली नाही. सकाळी आली की दुपारच्या आत पुढच्या टेबलावर गेलीच म्हणून समजा. निवृत्तीच्या दिवशी माझं टेबल इतकं लख्ख होतं की साहेबांनी नव्या पोरांना बोलावून दाखवलं.

त्याच झपाट्यानं मी साप्ताहिकात 'पंधरा मिनिटांत पान' हे सदर लिहिते. सोपं, शाकाहारी, घरचं जेवण. खाली चौकटीत 'बाहेर खाऊया', म्हणजे कुठल्या हॉटेलात काय बरं मिळतं ते. बाजारात बायका थांबवून विचारतात, "तुम्हीच ना त्या पंधरा मिनिटांच्या?" खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं.

आमचे हे आज सकाळच्या बसनं त्यांच्या बहिणीकडे गेले. वन्सं न्हाणीघरात घसरल्या, पाय प्लास्टरमध्ये आहे, आणि घरात दुसरं कुणी नाही. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्राध्यापक यायच्या आधी नळ्या, बाटल्या, पावडरी मांडून ठेवायच्या आणि तास संपला की सगळं धुऊन पुसून कपाटात. प्रयोग करून टाळ्या घ्यायचे प्राध्यापक. त्यामुळे यांना स्वतःचा असा एक प्रयोग येत नाही. स्वयंपाकाचंही तेच. एक पदार्थ धड येत नाही या माणसाला, पण दिवसभर ओट्यापाशी खुडबुड चालू.

जाताना दारात घुटमळले. "तुझं जमेल ना?"

"माझं? अहो, अख्खं गाव माझ्याकडून शिकतं!"

"फ्रिजमध्ये गुरुवारपर्यंतचं आहे," म्हणाले. गुरुवारपर्यंतचं काय, ते विचारेपर्यंत जिना उतरून गेलेसुद्धा.

४ मार्च

घरात काय शांतता आहे! ओट्यापाशी कुणी लुडबुडत नाही, 'जरा सरक' म्हणावं लागत नाही.

आज चण्याचं सूप. एका डब्यातून उकडलेले चणे घेतले, दुसऱ्यातून चिरलेला कांदा, तिसऱ्यातून टोमॅटोचा गर, छोट्या डबीतून सोललेला लसूण. गॅस पेटवला, परतलं, ढवळलं, झालं. घड्याळ लावलं होतं. पंधराच्या आतच आटोपलं. उरलेला वेळ मी स्वतःवर खूश होण्यात घालवला.

पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणासाठी एक विचार सुचला, विसरायच्या आत लिहून ठेवते. स्वयंपाक म्हणजे आच. गॅस पेटला की स्वयंपाक सुरू, विझला की संपला. आचेच्या अलीकडची तयारी म्हणजे नुसती सामानाची मांडामांड; ती काय, कुणीही करतं. लोक उगाच त्या मांडामांडीलाच घाबरतात आणि बाहेर जेवायला जातात. म्हणून माझी प्रत्येक पाककृती 'घ्या'नं सुरू होते. भिजवलेले चणे घ्या. सोललेला लसूण घ्या. घेतलं की भीती गेली.

भांडी नेहमीसारखी सिंकमध्ये ठेवली आणि लिहायला बसले.

६ मार्च

कमाल झाली. डबे नाहीत! म्हणजे डबे आहेत, त्यांत काही नाही. आणि सिंकमध्ये परवाची भांडी, त्यांच्यावर कालची, त्यांच्यावर आजची. आमच्या घरात इतकी भांडी आहेत हेच मला ठाऊक नव्हतं.

यांना फोन लावला.

"अहो, ते चणे, कांदा, लसूण, गर, कुठे ठेवलंत सगळं?"

"फ्रिजमध्येच होतं."

"आता नाहीये."

मग म्हणाले, "संपलं असेल."

"संपलं म्हणजे? आजवर कधी संपलं नाही ते!"

"हो," म्हणाले, "नाही संपलं." आणि चक्क हसले. मागून वन्संचा आवाज आला, "भाऊ, ये रे, गार होतंय तुझं." हा माणूस तिथं सेवा करायला गेलाय की करून घ्यायला? मी फोन ठेवला आणि पाव-लोणी खाल्लं.

९ मार्च

आज साप्ताहिकाच्या कचेरीत बोलावणं होतं. गेले तर संपादकांसमोर एक लांबोडके गृहस्थ बसलेले, मनगटावर भलंमोठं घड्याळ. निवृत्त गणितशिक्षक. माझी प्रत्येक पाककृती घरी करून बघतात म्हणे, आणि तेही वेळ लावून. मला आधी गहिवरूनच आलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमची पंधरा मिनिटांची भरली वांगी आमच्याकडे दुपारच्या जेवणाला धरली होती. पानात पडली तेव्हा दिवे लागले होते. बायकोनं तोवर बिस्किटं खाऊन घेतली."

"तुमचा हात सावकाश असेल."

"हात सावकाश आहे हे धरूनच हिशेब केलाय. तरी बसत नाही."

वाचनालयात यावर रोज चर्चा होते म्हणाले. चर्चा म्हणजे हसतात, हे संपादकांनी सांगितलं. मग त्यांनी टेबलावरचा केकचा तुकडा तोंडात टाकला. त्या केकवालीचा तुकडा. ती पोरगी फोनवर चित्रफिती टाकते, कपात पीठ, कपात साखर, दोन मिनिटांत केक, आणि हजारो लोक बघत बसतात. संपादकांचा तिच्यावर कधीपासून डोळा आहे.

ठरलं ते असं. एकोणतीस तारखेला साप्ताहिकाचा वर्धापनदिन, वाचनालयाचं सभागृह. मी स्टेजवर सगळ्यांसमोर चण्याचं सूप आणि बटाटे-वाटाण्याची भाजी करायची. घड्याळ गणितवाल्यांच्या हातात. वेळेत झालं तर सदर माझं आणि पुस्तकही माझं. नाही झालं तर सदर केकवालीला.

मी हसत हो म्हणून आले. जिन्यात मात्र मनात आलं, सदर गेलं तर मग मी कोण? बाजारात मला कोण थांबवणार? पुन्हा तीच, पाणी खात्यातून निवृत्त झालेली बाई.

११ मार्च

किराणा दुकानात भांडण झालं. चूक सगळी त्याची.

"हे चणे बदलून द्या," मी म्हटलं.

"काय झालं बाई, कीड आहे का?"

"कडक आहेत."

"चणे कडकच येतात."

"आमचे हे नेतात ते मऊ असतात. तेच द्या."

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. किराणावाला म्हणाला, "काका यातलेच नेतात. याच पोत्यातले."

"मग घरी येईपर्यंत मऊ कसे होतात?"

त्यानं मला एकदा नीट पाहिलं आणि आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "भिजवतात ते, बाई. रात्रभर."

भिजवतात हे मला काय माहीत नाही? मी स्वतःच्या हातानं दर आठवड्याला लिहिते, 'भिजवलेले'. आणि मी भिजवले होतेच की. माझी आंघोळ आटपून, केस विंचरून, कपडे बदलून होईपर्यंत चांगले पाण्यात होते. रात्रभर म्हणे! रात्रभर पाण्यात ठेवायला ते चणे आहेत की होड्या? मी पिशवी तिथंच टाकून बाहेर पडले. मग कोपऱ्यावरून परत जाऊन घेऊन आले, कारण पैसे दिले होते.

१४ मार्च

सध्या मी बाहेर जेवते. 'बाहेर खाऊया'चा अभ्यास म्हणून. घरात काही नसतं म्हणून नव्हे.

काल त्या नव्या, काचेच्या दारांच्या जागी गेले. ताटली नावाची गोष्ट नाही तिथं, फळीवर वाढतात. फळीवर चार पानं, त्यांवर तेलाचा शिंतोडा, आणि कडेला एक अख्खं गाजर, शेंडीसकट, मातीसकट. वेटर वाकून म्हणाला, "शेतातून थेट आलंय, मॅडम."

"दिसतंय," म्हटलं, "वाटेत नळाखाली थांबलेलं नाही."

आज सरळ आमच्या कोपऱ्यावरच्या खानावळीत गेले. प्लास्टिकच्या खुर्च्या, डगमगती टेबलं, पण सूप गरम आणि वाटी भरून. पहिला घोट घेतला आणि का कोण जाणे, घरी आल्यासारखं वाटलं. पैसे द्यायला गेले तर गल्ल्यावरची बाई म्हणाली, "काका दिसत नाहीत हल्ली?"

"तुम्ही ओळखता यांना?"

"म्हणजे काय! सकाळी भाजीची पिशवी घेऊन त्या कोपऱ्यात बसायचे, वाटाण्याच्या शेंगा सोलत. म्हणायचे, घरी हिचं लिखाण चाललेलं असतं, कडकड आवाज नको. कधी चणे भिजवायचे राहिले तर माझ्याकडचे वाटीभर घेऊन जायचे. फार गुणी माणूस."

तरीच! भाजी आणायला जातो म्हणून गेलेल्या माणसाला इतका वेळ का लागतो, त्याचा आज उलगडा झाला. इकडे मी एकटी घरात राबतेय आणि हे खानावळीत बसून शेंगा सोलत परक्या बायकांशी गप्पा मारतायत. रागाच्या भरात मी परत बसले आणि आणखी एक वाटी सूप प्यायले.

१७ मार्च

रंगीत तालीम. सगळं सामान समोर मांडलं, कच्चं, आणि सुरू केलं. (चणे काल संध्याकाळी भिजवले होते. किराणावाल्यानं सांगितलं म्हणून नव्हे, सहज.)

नाश्त्यानंतर सुरुवात केली. लसूण सोलायला बसले, ती साल नखात जाऊन बसली. टोमॅटोचा गर म्हणजे आधी टोमॅटो उकळायचे, मग गार करायचे, मग सोलायचे, मग वाटायचे, मग गाळायचे! हे इतकं कुणी आणि कधी ठरवलं? कांदा चिरताना डोळ्यांतून असं पाणी की आमच्या खात्यानं कधी कुणाला दिलं नसेल. सूप झालं तेव्हा शेजारी दुपारचा चहा पीत होते.

शेगडीतच काहीतरी बिघाड असणार. गॅसवाल्याला बोलावलं. त्यानं ज्योत मोठी केली, बारीक केली, वास घेतला. "शेगडी झकास आहे, बाई. एकदम नव्यासारखी. कोण इतकी साफ ठेवतं?"

"मीच," मी म्हटलं. आणि तेव्हाच लक्षात आलं की आत्ता ती अजिबात साफ नव्हती. माझ्या नव्या डागांखालची जुनी सफाई त्यानं कशी काय ओळखली, देव जाणे.

१८ मार्च

लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं, गणितवाले, केकवाली, शेगडी. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "आई, अगं चणे तर बाबा भिजवतात. लसूणही तेच सोलतात."

"बाबा? त्यांना एक तरी पदार्थ येतो का?"

"पदार्थ नसेल येत. पण मी शाळेत असल्यापासून बघतेय, तू गॅस पेटवायला आत जायचीस आणि बाबा टॉवेलला हात पुसत बाहेर यायचे."

"तुला कायमचा त्यांचाच पुळका!"

"पुळका नाही ग. तू त्यांना कधी विचारलंस, आत काय करत होतात म्हणून?"

मी म्हटलं, दाराशी कुणीतरी आलंय, आणि फोन ठेवला. कुणी आलं नव्हतं. मग उगाच जाऊन ओट्यावरचा टॉवेल बघितला. हे गेल्यापासून धुतलेला नाही, उभा राहील असा कडक झालाय.

२१ मार्च

आज बस पकडून सरळ वन्संकडे गेले. म्हटलं, पुरे झालं, आता चला घरी, एकोणतीस तारीख तोंडावर आलीय.

दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात हे पाठमोरे. समोर वाट्या ओळीनं मांडलेल्या, एकीत बारीक चिरलेला कांदा, एकीत लसूण, एकीत सोललेले वाटाणे, एकीत बटाट्याच्या फोडी पाण्यात बुडवून, काळ्या पडू नयेत म्हणून. हात असा चाललेला, सुरीचा आवाजसुद्धा नाही. मग हे टॉवेलला हात पुसत बाजूला झाले, आणि वन्सं! प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, शेगडीपाशी खुर्चीत बसून, एकेक वाटी कढईत उपडी केली, चमचा फिरवला आणि मला म्हणाल्या, "ये ये, वहिनी! बघ, पाच मिनिटांत भाजी केली. पायाचं दुखणं असलं तरी माझा हात अजून कसा चपळ आहे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केली? हिनं केली? नुसतं आयतं कढईत ढकललं आणि म्हणते मी केली! ज्यानं सकाळपासून उभं राहून सोललं, चिरलं, निवडलं, त्याचं नावसुद्धा नाही तोंडात! आणि हे कोपऱ्यात उभे राहून हसतायत. तेच नेहमीचं, गरीब हसू. मला वन्संचा इतका संताप आला की मी भाजी दुसऱ्यांदा मागितली नाही. तशी चांगली झाली होती.

निघताना हे बस-थांब्यापर्यंत आले.

"एकोणतिसाला येणार ना?" मी विचारलं.

"बघतो. ताईचा पाय आहे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तयारी कोण करतंय तुझी?"

"माझी मी."

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. दोन बोटांना पट्ट्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, नुसता माझा हात हातात घेऊन एक पट्टी सैल झाली होती ती नीट दाबून बसवली. तेवढ्यात बस आली.

परतीच्या वाटेत मला कसंतरीच व्हायला लागलं. वन्संचा तो चमचा डोळ्यांपुढून हलेना. बस लागली असणार. पण बस मला आजवर कधी लागलेली नाही.

२८ मार्च

हात दुखतायत, थोडक्यात लिहिते.

दोन दिवस तयारी चाललीय. वाटाण्याच्या शेंगा खिडकीत बसून सोलल्या. चणे रात्रभर ठेवले, सकाळी पाणी बदललं, उकडले. लसूण सोलला. बोटांना त्याचा वास येतोय, साबणानं जात नाही. आणि तेव्हा आठवलं, यांच्या हाताला कायम हा वास असायचा. मी म्हणायची, "अहो, जरा चांगला साबण वापरा." इतकी वर्षं म्हणत आले.

'घ्या.' किती सहज लिहीत आले मी. कुणीतरी 'हे घे' म्हणून पुढं केल्याशिवाय माणूस घेणार कुठून?

आता काही लिहू नये. ओट्यावर सहा डबे भरून ठेवलेत. मला हे घरी हवे आहेत. चण्यांसाठी नव्हे. नुसते.

२९ मार्च

झालं ते झालं तसं लिहिते.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत केकवाली, हातात फोन, चेहऱ्यावर सहानुभूती. स्टेजवर टेबल, शेगडी, माझे डबे. शेजारी गणितवाले घड्याळ काढून उभे. संपादक माईकमध्ये बोलले, "आपल्या लाडक्या, पंधरा मिनिटांच्या बाई!" आणि मी गॅस पेटवला.

पहिला कांदा कढईत पडला. मग सगळं सटासट झालं. एका बाजूला सूप, एका बाजूला भाजी. मी गॅस बंद केला आणि गणितवाल्यांनी घड्याळाकडे पाहून हात वर केला. वेळेच्या आत! टाळ्यांचा असा कडकडाट मी आयुष्यात ऐकला नव्हता. केकवालीसुद्धा टाळ्या वाजवत होती, बिचारी. संपादक म्हणाले, "सदर आणि पुस्तक, दोन्ही पक्कं!"

तेवढ्यात गणितवाले म्हणाले, "एकच शंका. हे डबे कधी भरले?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात संपादकांनीच माईक घेतला आणि हसत हसत म्हणाले, "अहो मास्तर, तयारी कुठं धरतात? तयारी काय, कुणीही करतं!"

हे माझंच वाक्य होतं. जवळजवळ शब्दाशब्दांनी माझंच. आणि ते ऐकून माझं डोकं असं सणकलं की विचारू नका.

"कुणीही?" मी म्हटलं. माईक समोरच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "कुणीही म्हणजे कोण, संपादकसाहेब? तुम्ही? तुम्ही कधी चणे भिजवलेत? शेंगा सोलल्यात? हा लसूण बघा. ही बोटं बघा! दोन दिवस लागलेत मला, दोन दिवस! आणि म्हणे कुणीही! फुकटच्या टाळ्या घ्यायला बरं वाटतं, आयतं समोर आलं की! ज्यानं केलंय त्याला विचारा..."

आणि मी थांबले. कारण मागच्या दाराशी, पिशवी घेऊन, हे उभे होते. आत बसायला जागा होती, पण बसले नव्हते. प्रयोगशाळेत उभे राहत असतील तसे, भिंतीला टेकून. ते काही हसत नव्हते. त्यांचा चेहरा आजवर पहिल्यांदा मी हसूशिवाय बघितला.

"दोन दिवस मला लागले," मी म्हटलं, "कारण मला सवय नाही. सवय असलेला माणूस तिकडे दाराशी उभा आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. हे गोंधळले आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गणितवाल्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि समाधानानं म्हणाले, "आता बसतोय हिशेब." मग संपादक घाईनं म्हणाले, आता पुढचा कार्यक्रम, कपात केक. केकवाली स्टेजवर आली. तिचे डबे तिच्यामागून तिची आई घेऊन येत होती.

स्टेजच्या मागं गेले तर हे तिथल्या मोरीवर माझी कढई घासत होते. सवयीनं. मी त्यांच्या हातून कढई काढून घेतली.

"राहू दे ग."

"तुम्ही सरका जरा," मी म्हटलं.

३० मार्च

सदर गेलं. संपादकांचा फोन आला होता. 'पंधरा मिनिटांत पान'ऐवजी आता 'दोन मिनिटांत गोड'. पुस्तकाचंही राहिलं. "लोकांना सोपं हवं असतं हो," म्हणाले. मला वाईट वाटलं. खोटं का बोलू, फार वाईट वाटलं. भाजी घ्यायला गेले तर नेहमीच्या एका बाईनं बघून न बघितल्यासारखं केलं. गणितवाले मात्र रस्ता ओलांडून भेटायला आले आणि शेंगा सोलायचं कसं जमवायचं, ते विचारत उभे राहिले.

वन्संकडे आता शेजारची पोरगी सकाळ-संध्याकाळ जाते. हे घरी आहेत. दुपारी झोपून उठले, चहा झाला, आणि संध्याकाळी नेहमीसारखे ओट्याकडे निघाले.

"बसा," मी म्हटलं. "आज चणे मी भिजवते."

ते बसले. खुर्चीच्या अगदी कडेवर, केव्हाही उठता येईल असे. मी पातेलं काढलं, चणे धुतले, पाणी घातलं, वर झाकण ठेवलं आणि हात पुसत त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं आणि ते गिळत होते.

"काय? बोला की."

"नाही, काही नाही."

"अहो, बोला!"

"पाणी कमी आहे," हे म्हणाले.

लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्याकडे केलेली ही पहिली तक्रार. नोकरीभर असल्या तक्रारी मी वाचल्या, सही केली आणि पुढच्या टेबलावर ढकलून दिल्या. मी झाकण उचललं. चणे वर डोकावत होते, आणि सकाळपर्यंत ते फुगणार होते हे मी धरलंच नव्हतं. मी नळाखाली तांब्या धरला, भरला, आणि पातेल्यात ओतला.

"आता?"

ते उठून आले, वाकून बघितलं. "अजून थोडं."

मी अजून थोडं घातलं.